मोडीत काढण्याची घाई

खंडेनवमीला गाडीला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालावयाची आणि बलिप्रतिपदेच्या मुहूर्तावर तीच गाडी ‘एक्स्चेंज’मध्ये देऊन मोकळे व्हावयाचे, ही आपल्या मध्यमवर्गाची नवी रीत होऊन बसली आहे. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने खुशाल नवी गाडी घ्यावी, पेढे वाटावेत. आम्हीही एक खाऊ. आमची तक्रार आहे ती या खरेदीच्या समर्थनार्थ घरोघर मांडल्या जाणाऱ्या हिशेबाबद्दल. हौसेला हौस म्हणावे. तिला काटकसरीचे सोवळे नेसवू नये.

हिशेब असा. बारा वर्षांची पेट्रोल गाडी. मिस्त्री यादी देतो: क्लच प्लेट, शॉकॲब्सॉर्बर, बुश, रेडिएटर, चार टायर, साठ हजार होतील. लगेच घरातील कर्ते पुरुष उद्गारतात, “दीड लाखाच्या गाडीवर साठ हजार घालावयाचे? वेड लागले आहे का?” आणि सारे घर मान डोलावते. पण साठ हजारांची तुलना दीड लाखाशी कशासाठी? गाडी विकावयाची असती तर ते ठीक होते. आपणांस ती वापरावयाची आहे. नाकावरचा चष्मा विकावयास नेला तर दहा रुपये येणार नाहीत. म्हणून कोणी त्याची काच बदलावयाचे सोडतो काय?

तुलना करावयाची ती नव्या गाडीच्या खर्चाशी. आठ लाखांचे कर्ज, ९ टक्के व्याज, मुदत पाच वर्षे: महिन्याचा हप्ता सुमारे १६,६०० रुपये. म्हणजे दुरुस्तीचा सारा खर्च चार हप्त्यांत फिटतो. उरलेले छप्पन हप्ते कशाचे, हे कोणी विचारीत नाही. नुसते व्याज जवळजवळ दोन लाख होते. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर. आणि विमेवाल्यांचे घसाऱ्याचे कोष्टक पाहिलेत तर मौज वाटेल: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष भरेपर्यंत १५, पाचव्या वर्षाच्या अखेरीस ५०. आठ लाखांतले चार लाख दारात उभ्या उभ्या विरघळतात!

२०२५ साली घटस्थापनेच्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा ‘वाचवले, वाचवले’ असा गजर झाला. जो सौदा करावयाचाच नव्हता त्यातील सवलतीला बचत म्हणावयाचे, हे अर्थशास्त्र आम्हांस तरी उमगत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप: आज क्लच, उद्या गिअरबॉक्स, परवा आणखी काही, जुन्या गाडीला अंत नाही. ठीक. दरसाल तीस हजार बाजूला काढा. पाच वर्षांत दीड लाख, आजचे साठ हजार धरून दोन लाख दहा हजार. हे नव्या गाडीच्या व्याजाएवढेच झाले, मुद्दल अजून दूरच आहे.

दुसरे भय सरकारचे. “पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात,” असे सुशिक्षित माणसेही सांगतात. दिल्ली परिसरातील जुन्या गाड्यांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आणि आपल्याकडील नियम यांची ही खिचडी आहे. आपल्या खाजगी गाडीची पंधरा वर्षांनी तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते. तिचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले, इतकेच. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, ती टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी पद्मिनी येणे कधीच थांबले होते. तरीही मिस्त्रींनी ती दोन दशके चालती ठेवली. अर्थात त्या काळी दुरुस्ती हा सद्‌गुण कमी आणि नाइलाज अधिक होता, हेही कबूल केले पाहिजे. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारा माणूस जुनीला जपणार नाही तर काय करील?

दोन ठिकाणी मात्र आम्ही दुरुस्तीची बाजू घेणार नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत चासी आणि बुडाचा पत्रा गंजून पोखरला असेल तर वरून रंग मारणे हा स्वतःशीच खेळलेला जुगार होय. दुसरे, चालकासमोरील एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या आसनासाठी २०२१ मध्ये. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ती नाही, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री ती बसवू शकत नाही. लेकरांना घेऊन रोज महामार्गाने जाणाऱ्याने एवढ्या कारणासाठी गाडी बदलली तर तो हिशेब आम्हांस मान्य आहे. रंग जुना झाला, शेजाऱ्यांनी मोठी घेतली, ही ती कारणे नव्हेत.

तेव्हा शोरूमकडे वळण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. पुरेसे आणि सारखे भरले तर इंजिनाची धास्ती नको. ज्याला नवी गाडी विकावयाची नाही अशा मिस्त्रीकडून लेखी यादी घ्यावी आणि त्या रकमेला नव्या गाडीच्या हप्त्याने भागावे. उत्तर सहाच्या आत आले आणि पत्रा शाबूत असला, तर काम सांगून टाकावे, व काढलेले जुने भाग आठवणीने परत मागून घ्यावेत.