रोजनिशी की रोजकीर्द?

गेल्या दिवाळीच्या आधी एक विद्वान गृहस्थ आमच्या घरी आले होते. राहुरीहून शनिशिंगणापूरला जाणारी वाट आमच्या सोनईवरून जाते. त्यामुळे दर्शन आटोपून परतणारे स्नेही आमच्याकडे चहापुरते थांबतात, आणि त्यांच्या येण्याने गावात बसल्या बसल्या चार चांगल्या गोष्टी आमच्या कानांवर पडतात. हे गृहस्थ साहित्याचे व्यासंगी. त्यांनी भिंतीवर टांगलेले माझे ठसे पाहिले, मनापासून वाखाणले, आणि मग त्यांची दृष्टी मेजावर उघड्या पडलेल्या माझ्या रोजनिशीकडे वळली. परवानगी मागून त्यांनी दोनचार पाने वाचली. प्रथम ते हसले, नंतर मात्र गंभीर होऊन म्हणाले, “वहिनी, ही रोजनिशी म्हणायची की रोजकीर्द? वरच्या अंगाला चित्र आणि खालच्या अंगाला कागदाचे दर! निदान कलावंताच्या वहीत तरी बाजार नसावा.” एवढे बोलून, दोन ठसे “आठवण म्हणून” काखोटीला मारून, ते संतुष्ट चित्ताने निघून गेले. त्या दोन ठशांची नोंद त्याच रात्री मी वहीत केली: “दोन प्रती. खाते: आठवण. जमा: काही नाही.”

हा लेख त्या गृहस्थांना उत्तर म्हणून लिहिलेला आहे. परंतु तो त्यांच्यासाठीच आहे असे मात्र नाही. त्यांचे मत त्यांच्या एकट्याचे असते तर मी हसून सोडून दिले असते. ते आपल्या सगळ्या सुशिक्षित वर्गाचे मत आहे. कलेची किंमत सांगितली की कला विटाळते, असे आपण मानतो, आणि ती फुकट मागितली असता मात्र तिला काही होत नाही, असेही आपणच मानतो. या दोन समजुती एकाच घरात इतक्या गुण्यागोविंदाने कशा नांदतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

प्रथम त्या वहीविषयी. मी लिनोच्या तुकड्यावर चित्रे कोरते आणि त्यांचे ठसे हातकागदावर उमटवते. यंत्र नाही, कोरणी, शाईचा रूळ आणि चमच्याची पाठ एवढीच काय ती सामग्री. विषय दारातलेच: कारखान्याकडे निघालेली उसाची गाडी, ठिपक्यांची रांगोळी, लिंबाच्या झाडाखाली पेंगणारी शेळी. या उद्योगात दररोज काही ना काही फजिती होते, ती मी लिहून ठेवते. एका दिवशीची नोंद अशी: “आज ‘शुभ दीपावली’ ही अक्षरे मोठ्या डौलाने सुलट कोरली. छापल्यावर ती उलट उमटली. आरशात पाहून वाचणाऱ्यांची दिवाळी मात्र शुभ होणार.” दुसऱ्या दिवशीची: “शेळीचा एक कान कोरणी घसरून तुटला. तिने तक्रार केली नाही. घरच्या मंडळींनी ओळखलेही नाही.” आणि या दोहोंच्या खाली कागद, शाई, टपाल यांचे आकडे. ही थट्टा आणि हे आकडे मला वेगळे करता येत नाहीत, कारण ज्या दिवशी शेळीचा कान तुटतो त्याच दिवशी लिनोच्या तुकड्याचे पैसेही बुडतात.

त्या आकड्यांचे एक उदाहरण येथे देते, कारण अशा वादात लोक तत्त्वे पुष्कळ सांगतात आणि हिशेब सांगत नाहीत. दिवाळीच्या एका शुभेच्छापत्राचा ठसा कोरावयास मला 10 तास लागले. बिघडलेल्या प्रती टाकून 40 चांगल्या प्रती निघाल्या. शाई लावणे, दाबणे, वाळवणे, घडी घालणे यांत आणखी 10 तास गेले. कागद, शाई आणि लिनो मिळून खर्च 600 रुपये. एका पत्राची किंमत मी 60 रुपये ठेवली. चाळीसच्या चाळीस विकली गेली, तर 2400 रुपये. खर्च वजा जाता 1800. म्हणजे तासाला 90 रुपये. त्यांतली दहाच पत्रे “आठवण म्हणून” गेली, तर तासाचे 60 राहतात. चित्र सुचण्यात, नाकारण्यात आणि पुन्हा सुचण्यात जो काळ गेला तो या हिशेबात धरलेलाच नाही. एवढे सांगितल्यावर “छापील पत्र तर दहा रुपयांना मिळते” असे उत्तर येते. मिळते खरे. ज्यांना ते हवे असेल त्यांनी ते खुशाल घ्यावे. माझी त्याला यत्किंचितही हरकत नाही. माझी हरकत आहे ती हाताचे काम वाखाणून यंत्राचा भाव देऊ करण्याला.

आता तत्त्वाकडे वळू. “आपल्या परंपरेत कला ही साधना आहे, व्यापार नव्हे,” असे आम्हांस ऐकविण्यात येते, आणि त्यासाठी संतांचा दाखला दिला जातो. आमचे गाव नेवासे तालुक्यात. ज्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या परिसरात राहून संतांचा दाखला मी नाकारू म्हटले तरी नाकारवणार नाही. पण तो पुरता घ्यावा. गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा मळा राखीत, सेना न्हावी श्मश्रू करीत, नामदेवांच्या घरी शिंप्याचा धंदा होता. यांपैकी कोणी आपले काम फुकट वाटून संतपदाला पोहोचल्याचे ऐकिवात नाही. नरहरी सोनारांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठलासाठी कंबरेचा दागिना करावयाचा. नरहरी कट्टर शिवभक्त. ते देवळात पाऊल टाकावयास तयार नाहीत. मापावर दागिना घडवला, तो कधी सैल होई, कधी घट्ट होई. अखेर डोळे बांधून ते स्वतः माप घ्यावयास गेले, आणि हाताला शंकराची चिन्हे लागली. हरि आणि हर एक आहेत हा साक्षात्कार त्यांना झाला तो कोठे? गिऱ्हाईकाची मागणी पुरी करताना! माप चुकले तर दागिना परत येतो, आणि परत आला तर पुन्हा घडवावा लागतो, हा बाजाराचाच नियम. त्याच नियमाने त्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत नेले. कथा म्हणून घ्या की इतिहास म्हणून घ्या, कारागिराची मजुरी आणि त्याची साधना यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी भिंत घातली नव्हती, एवढे तरी तीवरून कबूल करावे लागेल.

अलीकडच्या काळाचे पाहू. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तेव्हा सरस्वती आणि लक्ष्मी सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर आल्या, आणि त्या विकत आल्या. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे उदाहरण तर मला फारच मोलाचे वाटते. 1867 साली कोल्हापुरास जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरला आणि तेथेच अधिकारपदापर्यंत चढला; 1940 साली ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने त्याने आपल्या आठवणी मराठीत प्रसिद्ध केल्या. या माणसाने भव्य ऐतिहासिक चित्रे काढली तशीच पुस्तकांसाठी चित्रे काढली, जाहिराती काढल्या, पोस्टाची चित्रकार्डे काढली. आणि ती सर्व मागणीबरहुकूम, मोबदला घेऊन काढली. त्या काळच्या मुंबईतली कोळीण, फेरीवाला, लग्नाची वरात कशी दिसे हे आज पाहावयाचे असेल, तर ज्या कामाला शिष्ट लोक ‘पोटासाठी केलेले’ म्हणतील त्याच कामाकडे जावे लागते. पुढे दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ वार्षिक सुरू केले. त्यांची मुखपृष्ठे मराठी घरांनी किती वर्षे जपून ठेवली! ते मुखपृष्ठ विकावयाच्या अंकाचे होते, म्हणून त्यातला रंग कोणाला कमी वाटला काय?

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात मुळीच तथ्य नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. बाजार कलेला बिघडवतो, हे मी माझ्याच वहीवरून सिद्ध करून देते. “उसाची गाडी आज सातव्यांदा. लोकांना गाडी हवी. बैलांना कंटाळा आलेला स्पष्ट दिसतो.” ही नोंद थट्टेची असली तरी तिच्यातला काटा खरा आहे. जे खपते तेच करावे, असा मोह होतो. आणि मोहाला वश झालेला हात हळूहळू गुळगुळीत होतो. परंतु हा मोह होतो का, याचाही विचार करावा. सातवी गाडी मी कोरली ती किंमत फार मिळाली म्हणून नव्हे. किंमत थोडी मिळाली म्हणून. एका ठशाला पुरते मोल मिळाले असते, तर आठवडाभर बसून नवा विषय शोधण्याची सवड मला मिळाली असती. म्हणजे बाजाराने कला बिघडते म्हणणाऱ्यांनीच भाव पाडून ती बिघडवावी, आणि मग बिघडली म्हणून हळहळावे, असा हा प्रकार आहे.

याहूनही खोल गेलेली एक गोष्ट आहे, ती स्पष्ट सांगितली पाहिजे. बाईने केलेल्या कामाला आपल्या घरांत ‘छंद’ म्हणतात. गोधडी शिवली, कशिदा काढला, अंगणभर रांगोळी घातली, तर तो फावल्या वेळचा उद्योग. आणि फावल्या वेळाला मोल कसले? वारली वस्तीत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिण्याचा मान सुवासिनींचा. ते देवकार्य होते. ते विकण्यासाठी नव्हते, हे अगदी खरे. परंतु 1970 नंतरच्या काळात ती कला कागदावर आणि कापडावर आली, डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले. यानंतर आपण सुशिक्षितांनी काय केले? पडद्यांवर, चहाच्या पेल्यांवर, उशीच्या अभ्र्यांवर यंत्राने छापलेली तीच गोल नाचाची आकृती हौसेने विकत आणली आणि “आमच्या घरी वारली आहे” असे पाहुण्यांना सांगितले. त्या पेल्याला पैसे देताना आपली कलाविषयक शुचिता आड आली नाही. ती आड येते ती समोर बसलेली बाई स्वतःच्या तोंडाने किंमत सांगते तेव्हाच. येवल्यापैठणच्या पैठणीची कथा वेगळी नाही. हातमागावर जी विणण्यात विणकराचे आठवड्यांमागून आठवडे जातात, तिला “फार महाग” म्हणावयाचे, आणि यंत्रमागावरची नक्कल नेसून परंपरेचा अभिमान मिरवावयाचा!

कोणी म्हणेल, सर्वांनाच हे परवडत नाही. खरोखरीच परवडत नाही, आणि न परवडणाऱ्याविषयी माझी एका शब्दाची तक्रार नाही. मागल्या गळीत हंगामात एक ऊसतोडणी करणारी बाई पाणी मागावयास आमच्या दारी आली. भिंतीवरची उसाची गाडी तिने निरखून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “बाई, ह्ये कोरायला किती दिस लागलं?” मी सांगितले. तिने दुसरा प्रश्न विचारला, “मग कितीला देता?” तेही सांगितले. ती क्षणभर गप्प राहून म्हणाली, “आम्हाला न्हाई परवडायचं. पर एवढ्याला तुम्हालाबी परवडत नसंल.” तिची मजुरी टनावर ठरते, कोयत्याखाली किती ऊस पडला म्हणजे हातात किती येते हे तिला तोंडपाठ. म्हणून चित्र पाहताच तिला त्यातले दिवस दिसले. आमच्या विद्वान स्नेह्यांना चित्रातली लय दिसली, रचना दिसली, ग्रामीण जीवनाचा स्पंद की काय तोही दिसला. दिवस तेवढे दिसले नाहीत. त्या दोघांपैकी माझ्या कामाचे खरे परीक्षण कोणी केले, हे वाचकांनीच ठरवावे. त्या बाईला मी ठसा देऊ केला. तिने घेतला नाही. ती म्हणाली, “फुकाट नगं.”

आमच्या शेजारचे शिंगणापूर घरांना दारे नसल्याबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे चोरी होत नाही, अशी श्रद्धा आहे; 2011 साली तेथे एका बँकेने कुलपावाचून शाखा उघडली, त्याचाही मोठा गाजावाजा झाला. त्या श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. उलट, दर शनिवारी हजारो लोक ज्या गावी जाऊन “येथे दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये” हे मनाशी घोकतात, त्या गावाच्या वाटेवर मी राहते, याचा मला आनंद आहे. माझे म्हणणे एवढेच की, वस्तूप्रमाणे दुसऱ्याचे दिवसही त्याच्या मालकीचे असतात. ते नेताना दार मोडावे लागत नाही, कुलूप फोडावे लागत नाही. नुसती तोंडभर स्तुती केली की काम भागते.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांना माझी विनंती आहे ती अशी. हाताने केलेली वस्तू आवडली, तर स्तुतीपूर्वी किंमत विचारावी. परवडली तर घ्यावी, न परवडली तर तसे सांगावे. त्यात कोणाचाच कमीपणा नाही. ‘हातचे’ म्हणून जे विकले जात असेल, त्यात हात किती आणि यंत्र किती, हेही विचारावे; प्रामाणिक कारागीर सांगेल, आणि जो सांगणार नाही त्याची वस्तू घेऊ नये. आणि घरातल्या बाईच्या कामाला ‘छंद’ म्हणण्यापूर्वी तिने त्यात घातलेले तास एकदा मोजून पाहावेत.

राहता राहिली माझी वही. तिच्यात उसाच्या गाड्या, तुटके कान, उलटी अक्षरे आणि कागदाचे दर हे सर्व यापुढेही एकाच पानावर नांदतील. आमचे स्नेही पुढच्या खेपेस आले, तर चहा होईलच, आणि वही पूर्वीप्रमाणे मेजावर उघडीच असेल. त्यांचे खाते मी अद्याप बंद केलेले नाही. दोन प्रती, प्रत्येकी 60 रुपये, एकूण येणे 120.