चातुर्मासातला पंक

रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, या नियमाच्या नावाने दक्षिण मुंबईतले संगीतरसिक गेली पंचवीस वर्षं बोटं मोडतायत. डोंबिवलीकरांनी मात्र त्याला दंडवत घालावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्रासारख्या सणावारांत खर्ची पडतात. त्यामुळे परदेशी बँड कितीही मोठा असो, दहाच्या सुमारास त्याला गाशा गुंडाळावाच लागतो. हेच कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालले असते तर ठाण्याच्या पलीकडचा निम्मा श्रोतृवर्ग शेवटची चार गाणी फलाटावर उभा राहून स्वतःच म्हणत बसला असता.

२०२५च्या ९ मार्चला, रविवारी, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘ग्रीन डे’ हे अमेरिकी पंकवाले वाजले. लोलापलुझा इंडिया या संगीत महोत्सवाच्या दुसऱ्या दिवसाचा शेवट त्यांचा होता. भारतात ते पहिल्यांदाच आले, म्हणजे ‘डूकी’ या अल्बमनंतर एकतीस वर्षांनी आणि ‘अमेरिकन इडियट’नंतर वीस वर्षांनी. आमच्या पिढीकडे हा दुसरा अल्बम आला तो एका सीडीत दीडशे गाणी कोंबलेल्या एमपी-थ्रीमधून. मुखपृष्ठ नाही, गाण्यांचा क्रम नाही, दोन गाण्यांची नावं चुकीची. २००४ साली, इराक युद्ध चालू असताना बुशच्या अमेरिकेवर चिडून लिहिलेली ती गाणी. त्यातलं राजकारण आम्हाला फारसं कळत नव्हतं, चिडणं मात्र नेमकं कळत होतं.

त्याचं कारण मला पुढे सापडलं. ‘ग्रीन डे’चा गायक बिली जो आर्मस्ट्राँग वाढला तो रोडिओ नावाच्या गावात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठचं छोटं गाव, आणि त्या गावाला तेलशुद्धीकरण कारखाना. एमआयडीसीत राहणाऱ्या डोंबिवलीकराला यापुढे काही सांगायची गरज नाही. २०२० साली आमचा एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता आणि मुख्यमंत्र्यांना येऊन बघून जावं लागलं होतं. मोठ्या शहराच्या हाताशी, पण शहरात नाही, अशा ठिकाणच्या पोराची जी चिडचिड असते ती तीन कॉर्ड्समध्ये बसते. चौथीची गरज पडत नाही.

असो. रविवारी मेगाब्लॉक असतो, हे गृहीत धरूनच आम्ही पलीकडचे लोक दुपारी निघतो. मुंबईतले लोक पाचला आंघोळ करून येतात आणि आमच्याइतकेच ताजे दिसतात, हा अन्याय आहे. दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, तिथून धीम्या गाडीने महालक्ष्मी. आत पैसे चालत नाहीत, हातावरच्या पट्टीत भरायचे. गवताचं म्हणून जे मैदान सांगतात त्याची संध्याकाळपर्यंत धूळ झालेली असते आणि ती काळ्या टी-शर्टवर फार शोभून दिसते.

त्याच संध्याकाळी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना. न्यूझीलंडचे २५१ झालेले. एवढ्या गर्दीत फोनला रेंज कुठली? तरी एका पठ्ठ्याला अधूनमधून स्कोअर मिळत होता आणि दोन गाण्यांच्या मध्ये तो आजूबाजूच्या पन्नास माणसांचा समालोचक झाला होता. ‘रोहित गेला, शहात्तर!’ मग ड्रम. मग गिटार. मग ‘राहुल आहे अजून, टेन्शन नको!’ पंकच्या कार्यक्रमात राष्ट्रप्रेमाने इतकं व्याकूळ झालेलं मैदान ‘ग्रीन डे’ने आधी कधी पाहिलं नसावं.

‘बास्केट केस’ या गाण्याला आमच्या डाव्या हाताला गोल झाला. आधी मधली जागा रिकामी होते, मग कडेची पोरं एकमेकांवर आदळायला लागतात. मी चाळिशीला आल्यामुळे कडेवरच होतो, खांद्याने ढकलणाऱ्यांना परत आत ढकलण्याचं काम माझ्याकडे. मध्येच एका पोराचा बूट निघाला. तो उचलून कुणीतरी हात उंच केला, आणि तो अख्खा घोळका थांबला. बुटाचा मालक एका पायावर लंगडत आला, दोघांनी त्याला दंडाला धरून उभं केलं, त्याने नाडी बांधली, गाठ ओढून बघितली, मान डोलावली, आणि पुन्हा आदळाआपट सुरू. पडलेल्याला आधी उचलायचं, मग नाचायचं, हा यातला एकमेव नियम. तो कुठे लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. लोकलच्या गर्दीशी याची तुलना करायचा मोह होतो. पण लोकलमध्ये कुणी हौसेने शिरत नाही, तेव्हा ती तुलना राहू दे.

एवढ्या थोरल्या रंगमंचावर, इमारतीएवढ्या पडद्यांसमोर वाजतं त्याला पंक म्हणायचं का, हा वाद सोवळ्यातले रसिक घालतातच. घालोत. तिकीट हजारांत होतं हे खरं, आणि गळ्याच्या शिरा ताणून गाणारी पोरं ‘अमेरिकन इडियट’ निघाला तेव्हा पाळण्यात होती हेही खरं.

सुटल्यावर महालक्ष्मी स्टेशनाच्या तोंडाशी रांग, आणि ॲपवरच्या टॅक्सीचा भाव बघून हसू आलं. कल्याणच्या बाजूला जाणाऱ्यांनी अशा वेळी सरळ चालू लागावं. पुलावरून धोबीघाट मागे टाकायचा, सातरस्ता, मग साने गुरुजी मार्गाने आर्थर रोड तुरुंगाची भिंत आणि कस्तुरबा रुग्णालय ओलांडून चिंचपोकळी. धीमी गाडी मिळते आणि रविवारी रात्री बसायलाही मिळतं. रस्ताभर फटाके, कारण भारत चार गडी राखून जिंकला होता. डब्यात समोरच्या काकांनी माझा अवतार न्याहाळला.

‘मॅच बघून?’

‘नाही काका, गाण्याला गेलो होतो.’

‘आजच्या दिवशी?’ त्यांनी एवढंच विचारलं, आणि मुलुंडपर्यंत माझ्याकडे बघायचं टाळलं.

आता मुद्द्याचं. २०११च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवली १२ लाख ४७ हजार. नाटकाला आमच्याकडे गडकरी रंगायतन आहे, घाणेकर आहे, अत्रे रंगमंदिर आहे, सावित्रीबाई फुले आहे. पाडव्याच्या शोभायात्रेची सुरुवातच डोंबिवलीत झाली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई ओसंडते. पण चार पोरांनी स्वतःची गाणी बसवली, तर ती साठ माणसांपुढे उभ्याने वाजवायला जागा कुठली? नाट्यगृहात खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. बारमध्ये वाजवावं, तर अकरावीतल्या पोराला आत सोडत नाहीत, आणि हे संगीत ज्याच्यासाठी आहे तो नेमका अकरावीत असतो.

‘ग्रीन डे’ घडले ते बर्कलीतल्या ९२४, गिलमन स्ट्रीटवर. एका गोदामवजा जागेत १९८६च्या वर्षअखेरीला हा क्लब सुरू झाला. चालवणारे सगळे स्वयंसेवक. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, वयाची अट नाही. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडलाही मज्जाव. म्हणून १९९३ साली ‘ग्रीन डे’ने मोठ्या कंपनीशी करार केल्यावर त्यांना तिथे दार बंद झालं, ते २०१५पर्यंत. साठच्या दशकात अशोक शहाणे आणि मंडळींनी अनियतकालिकं काढली तीही याच बाण्याने, पदरमोड करून आणि प्रतिष्ठितांच्या उंबऱ्याला पाय न लावता. तेव्हा हे काही आपल्याला परकं नाही. आपल्याकडे पोरं आहेत, गिटारी आहेत, फक्त गोदाम नाही.

पण मंगल कार्यालयं आहेत, रग्गड आहेत. आषाढी ते कार्तिकी, मुख्य मुहूर्त नसल्यामुळे त्यांतली बरीचशी रिकामी पडून असतात. सपाट फरशी, उचलता येणाऱ्या खुर्च्या, स्टेज, जनरेटर, दारूला बंदी. शेजाऱ्यांचे कान हळदीच्या बेंजोने आधीच पक्के झालेले. गिलमनची जवळजवळ सगळी नियमावली इथे आयती लागू आहे. पालिकेने नवं सांस्कृतिक संकुल बांधायची वाट बघण्यापेक्षा महिन्यातून एक रविवार, चातुर्मासातले चार महिने, एवढं भाडं कुणी दानशूराने उचललं तरी काम होण्यासारखं आहे. गणेशमंडळाला वर्गणी देणारे इतके दुकानदार आहेत, त्यातल्या एकाने हे करून बघावं.

नुसता सल्ला देऊन कॉलम संपवणं बरं दिसेना, म्हणून परवा एका कार्यालयात फोन केला. भाद्रपदातला रविवार मोकळा होता, व्यवस्थापक खूश झाले.

‘कार्यक्रम कसला?’

‘गाण्याचा.’

‘सुगम का?’

‘नाही, जरा जोरात असतं. लोक उभे राहतात.’

‘चालेल की. पानं किती?’

‘जेवण नाहीये.’

फोनवर शांतता. मग त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, ‘साहेब, हॉल एकवेळ कमीत देऊ. पण जेवणाचं कंत्राट आमच्याकडेच लागतं. साठ पानांच्या खाली परवडत नाही.’

साठच माणसं येतील असा माझा अंदाज होता. मसालेभात आणि जिलबी असं ठरतंय, बँड हवा आहे.