फौज कोणाची, खर्च कोणाचा?

परकीय फौजेचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो सत्तेचा असतो. १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. पैसा पेशव्यांचा, हुकूम कंपनीचा! सोळा वर्षांच्या आत पेशवाई बुडाली, यात नवल ते कोणते?

१८५७ नंतर हाच न्याय साऱ्या देशाला लागू झाला. गोरा शिपाई इंग्लंडात भरती करून त्याला कवाईत शिकविण्याचा खर्चही हिंदुस्थानच्या माथी आला. आरंभी तो माणशी १० पौंड धरला गेला. १८६७ साली ॲबिसिनियावर मोहीम निघाली. तिच्याशी या देशाचा काडीचा संबंध नव्हता. तरी तीत गेलेल्या हिंदी फौजेचा नेहमीचा पगार आपल्याच तिजोरीतून गेला. तो एरव्हीही द्यावाच लागला असता, हा राज्यकर्त्यांचा युक्तिवाद. पण जी फौज परदेशी धाडूनही येथे काही अडत नाही, ती येथे गरजेहून अधिक आहे, हेच त्यातून सिद्ध होत नाही काय?

असे प्रश्न आकडेवारीनिशी विचारण्याचे काम आमच्या पूर्वसूरींनी केले. १८९५ साली नेमलेल्या वेल्बी आयोगाचे दादाभाई नौरोजी सभासद होते. १८९७ मध्ये दिनशा वाच्छा व गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनला जाऊन त्यापुढे साक्षी दिल्या. पदरात पडले ते अल्पच. परंतु तो वाद मिटला नाही. १९३३ साली, गॅरन लवादानंतर, ब्रिटनने हिंदुस्थानच्या संरक्षणखर्चास वर्षाला १५ लाख पौंड देण्याचे मान्य केले. आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानचा नेहमीचा वाटा सुमारे ३६.७७ कोटी रुपयांवर बांधून साम्राज्याच्या युद्धाचा बोजा ब्रिटनने उचलावा, असे ठरले. युद्ध संपले तेव्हा सावकार ऋणको झाला होता. सुमारे १३० कोटी पौंड हिंदुस्थानचे येणे निघाले.

म्हणून हा विजय मानावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. लंडनच्या वहीत ती रक्कम जमा होत असता इकडे नोटा छापून खर्च भागविला जात होता आणि महागाईत गरीब भरडला जात होता. वाटणी सुधारली, पण हुकूम परकाच राहिला. युद्धात उतरण्याचा निर्णयही १९३९ साली कोणास न विचारता झाला होता.

आजही परकीय तळांच्या खर्चाविषयी राष्ट्राराष्ट्रांत वाटाघाटी चालतात. हिस्सा किती, हा त्यांतील दुसरा प्रश्न होय. ही फौज कोणाच्या हुकमाने हलेल, हा पहिला. त्याचे उत्तर मिळाल्यावाचून थैलीची गाठ सोडू नये, हाच वसईपासूनचा धडा आहे.