काळी माती, पांढरा कापूस आणि प्लस-मायनसचं बटण

दिवाळीला गावी निघालात? मग बॅगेत लॅपटॉपच्या शेजारी डीएसएलआर असणारच. ईएमआयवर घेतलेला, नाहीतर मिररलेसवर शिफ्ट झालेल्या एखाद्या सीनिअरकडून स्वस्तात उचललेला. आता खरं सांगा बॉस, त्याची वरची गोल डायल हिरव्या ‘ऑटो’वरून कधी हललीय का?

समजा, तुमचं गाव वाशिम जिल्ह्यातलं अनसिंग. वाशिमहून पुसद रोडला लागलात की दोन्ही बाजूंना काळी जमीन. सोयाबीन निघालेलं, तूर उभी, मध्येच फुटलेला कापूस. डोळ्यांना मस्त दिसतं आणि फोटोत सगळं फिकट राखाडी! लेन्सला दोष देऊ नका. गोची मीटरची आहे.

कॅमेऱ्यातला मीटर फक्त उजेड मोजतो. समोर माती आहे की कापूस, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी जग सरासरी राखाडी असतं. फ्रेमभर काळी माती आली की ‘अंधार आहे’ म्हणून तो फोटो उजळतो. कापूस आला की ‘फार उजेड झाला’ म्हणून काळवंडतो. दोन्हीकडे राखाडीच. म्हणून ते प्लस-मायनसचं बटण दिलंय, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं. पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. उलटं वाटतं ना? पण कापसाला प्लस एक देऊन बघा, मातीला मायनस एक. डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर हवी, फुल ऑटोमध्ये हे बटण सहसा चालतच नाही.

कापूस राहू द्या, दुसऱ्या वर्षीही फुटेल. आजोबांचं काय? गावाकडच्या घरात भिंतीवर हार घातलेले फोटो नीट बघा. त्यातले कितीतरी कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठे केलेले असतात. डोळे धूसर, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्धा हात, मागे स्टुडिओवाल्याने भरलेला निळा रंग. कारण त्या माणसाचा एकट्याचा फोटो कुणी काढलेलाच नसतो. आणि आपल्या मोबाइलमध्ये? पिझ्झाचेच दोनशे.

तेव्हा या सुट्टीत आजोबांना ओसरीवर बसवा. पांढरं धोतर, टोपी, उन्हानं रापलेला चेहरा, मागे अंगणातलं लख्ख ऊन. ऑटोसाठी याहून अवघड पेपर नाही! तो चेहरा काळा करील, नाहीतर फ्लॅश उघडून तोंडावर मारील. तुम्ही ‘ए’वर या. ५० एमएमची एफ/१.८ लेन्स असेल तर एफ/२.८ ठेवा, आयएसओ ४००. शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका. जायला लागलं की आयएसओ वाढवा. थोडा नॉइज चालतो, हललेला चेहरा चालत नाही. प्लस एक द्या, अंगण फारच पांढरं असेल तर दीड. टोपी थोडी जळली तर जळू द्या, चेहरा महत्त्वाचा. फोकसचा एकच पॉइंट निवडा आणि जवळच्या डोळ्यावर ठेवा. सगळे पॉइंट चालू असले की कॅमेरा बहुधा जे सगळ्यात पुढे असेल ते पकडतो, म्हणजे गुडघा.

मागच्या स्क्रीनवर मात्र फार विसंबू नका. दुपारच्या उन्हात ती मंद दिसते आणि आपण उगाच फोटो उजळत बसतो. हिस्टोग्राम उघडा. आलेख उजव्या भिंतीला ठेचकाळलेला दिसला तर प्लस जास्त झालं. काम झालं की आकडा शून्यावर आणा. अनेक कॅमेऱ्यांत बंद करून चालू केलं तरी तो तसाच राहतो, मग रात्रीचे दिवे-पणत्या गेल्याच.

आणि प्रिंट तिथेच, वाशिमला काढा. ८ बाय १२. पुण्याला जाऊन काढू म्हटलं की फोटो हार्ड डिस्कमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

एक तयारी ठेवा. मागचं सगळं मऊ ब्लर झालेलं बघून तुम्ही खूष व्हाल आणि आजोबा विचारतील, “माहे पाय कुठं गेले? अन् घर?” त्यांना फोटो आख्खा हवा असतो, चपलांसकट. तेव्हा उठायच्या आत दुसराही घ्या. चार पावलं मागे, एफ/८, आयएसओ १६००.