खेळपेटीची फळी

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळींस सुतारकाम व विजेचें काम यांची सांगड घालणारा एक नवाच नाद लागलेला दिसतो. नाणें टाकून उभ्याउभ्या खेळावयाचीं जीं आर्केडचीं यंत्रें असत, त्यांसारखी लांकडी पेटी घरींच करावयाची, तींत पडदा व छोटा संगणक बसवावयाचा, आणि पुढील फळीवर जॉयस्टिक, म्हणजे दिशा दाखविणारा दांडा, व कांहीं कळा लावून जुने खेळ खेळावयाचे, असा हा उद्योग आहे. आमच्या परिचयांतील कांहीं वडील मंडळी याविषयीं नाक मुरडतात. आम्ही मुरडीत नाहीं. ज्या कामांत मोजमाप, विचार आणि हात या तिहींची गरज लागते, त्यास रिकामपणाचा उद्योग म्हणणें अन्यायाचें होईल. मात्र आमच्या घरीं व शेजारीं चाललेलीं अशीं दोन-तीन कामें जवळून पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानीं आली. पेटीचा रंग, पडद्याची लांबी, वरचा दिवा यांवर मंडळी महिनाभर वाद घालतात. आणि जिच्यावर हात ठेवून खेळावयाचें, त्या फळीचा विचार भोंकें पाडण्याच्या आदल्या रात्रीं करतात.

फळीची मांडणी एकच ठराविक असते, अशी समजूत याच्या मुळाशीं असावी. वस्तुस्थिति निराळी आहे. १९७९ सालच्या ‘ॲस्टेरॉइड्स’ या खेळास दांडा मुळींच नव्हता. पांच कळांवर सारें काम चाले. पुढच्याच सालीं ‘पॅक-मॅन’ आला. त्यास चार दिशांचा एक दांडा, आणि खेळ सुरू करण्याच्या कळांखेरीज दुसरी कळ नाहीं. त्याच सालच्या ‘मिसाइल कमांड’मध्यें दांड्याऐवजीं तळहातानें फिरवावयाचा गोळा होता. १९८१ च्या ‘डिफेंडर’चा दांडा केवळ वर-खालीं जाई व त्याच्या दिमतीस पांच कळा असत. १९८२ च्या ‘रोबोट्रॉन’मध्यें दांडेच दोन, एकानें चालावें, दुसऱ्यानें गोळ्या झाडाव्या. सहा कळांची जी मांडणी आज जेथें तेथें दिसते, तिचा बोलबाला १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मुळें झाला. वरच्या ओळींत तीन ठोसे, खालच्या ओळींत तीन लाथा, आणि डावीकडून उजवीकडे हलका, मध्यम व जोराचा असा क्रम. म्हणजे प्रत्येक खेळाबरोबर त्याची फळीही जन्मास आलेली होती. पुढें १९९७ सालीं ‘मेम’ नांवाची संगणकप्रणाली निघाली आणि नाना तऱ्हेचे खेळ एकाच पेटींत चालविणें शक्य झालें. (त्या खेळांवर मालकांचे हक्क असतात, हें तरुणांनीं विसरूं नये.) मग एकाच फळीनें साऱ्यांची सेवा करावी, हा हट्ट आलाच.

आमच्या पुतण्याचा पहिला नकाशा याच हट्टाचें फळ होता. चार दांडे, मधोमध गोळा, आणि कळा इतक्या कीं, त्या मोजतां मोजतां आम्ही तिसांवर येऊन थांबलों. कागदावर तो एखाद्या सिग्नलघरासारखा भारदस्त दिसे. पण गोळ्यासाठीं दांडे बाजूस सरले होते, दांड्यांमुळें कळा अगदीं कांठाशीं गेल्या होत्या, आणि मनगट टेकण्यास कोठेंच जागा उरली नव्हती.

दांड्याविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. त्याच्या बुडाशीं चार मायक्रोस्विच असतात, दर दिशेस एक. दांडा कोपऱ्याकडे झुकला कीं शेजारचे दोन एकदम दाबले जातात. उत्तर आणि पूर्व एकाच वेळीं बोलल्या म्हणजे यंत्र ईशान्य समजतें. अशा रीतीनें चारांच्या आठ दिशा होतात, आणि मारामारीच्या खेळांस त्या हव्याच असतात. परंतु ‘पॅक-मॅन’च्या चक्रव्यूहांत उपदिशा नाहींत. तेथें आठ दिशांचा दांडा वापरला, तर उजवीकडून वर वळतांना हात कोपऱ्यावरून जातो, यंत्रास दोन आज्ञा एकदम मिळतात, आणि वळण हुकतें. खेळणारें मूल मात्र दोष आपल्या हाताला देतें. यावर उपाय म्हणजे दांड्याखालील मर्यादापट्टी. तिच्यांतील चौकोनी भोंक सरळ असलें तर दांड्यास कोपरे मोकळे मिळतात. तेंच ४५ अंशांनीं फिरविलें कीं कोपरे बंद होऊन चार दिशा उरतात. कांहीं जपानी दांड्यांची ही पट्टी काढून फिरवितां येते. तिच्यापर्यंत हात पोहोंचावा म्हणून फळीला बिजागऱ्या लावाव्या, खिळ्यांनीं ठोकून टाकूं नये.

कळांच्या मापांसंबंधीं आमच्या प्राचीन शिल्पकारांची पद्धति आम्हांस अद्याप उत्तम वाटते. त्यांचें माप अंगुळांचें, आणि चोवीस अंगुळांचा एक हस्त. जपानी पद्धतीच्या मुख्य कळेचें भोंक ३० मिलीमीटरांचें व खेळ सुरू करण्याच्या कळेचें २४ चें असतें. दोन मुख्य कळांच्या मध्यबिंदूंत सुमारें ३६ मिलीमीटर अंतर ठेवितात. हे आंकडे जरूर घ्यावे, पण त्यांची रचना मात्र खेळणाऱ्याच्या पंजाकडून ठरवून घ्यावी. खाकी कागद फळीएवढा कापून योग्य उंचीवर चिकटवावा, डोळे मिटून हात सहज ठेवावा, व बोटें जेथें पडतील तेथें खुणा कराव्या. मधलें बोट लांब, तर्जनी आंखूड. म्हणून पट्टीनें आंखलेल्या सरळ रेषेपेक्षां किंचित् वांकलेली ओळ हाताला मानवते. ओळीची पहिली कळ जरा खालीं उतरविण्याचा प्रघात याचसाठीं आहे.

या कागदी परीक्षेचा आमच्या घरीं एक अनपेक्षित उपयोग झाला. दांडा डाव्या हातीं व कळा उजव्या हातीं, ही आजची रूढ रीत. आमची नऊ वर्षांची नात डावखुरी आहे. शेजारच्या पेटीपाशीं ती नेहमीं मागें उभी राही, आणि तिला या खेळांत गोडी नाहीं असें घरांतील मंडळींनीं ठरवूनही टाकलें होतें. (आमच्या विद्यार्थिदशेंत डावा हात पट्टीनें सरळ करण्याची चाल होती, ती गेली हें फार बरें झालें.) कागदावर तिनें आपण होऊन दांडा मधोमध काढला व दोन्ही अंगांस एकेक कळ. नवल असें कीं, ‘पॅक-मॅन’च्या मूळ यंत्राचा दांडाही मध्यभागींच होता, ज्याला जो हात सोयीचा, त्यानें तो लावावा. त्या कागदापुढें पुतण्याचा नकाशा टिकला नाहीं.

आतां दोन फळ्या करावयाचें ठरलें आहे. एक दोघांनीं खेळण्याची, आठ दिशांच्या दांड्यांची व प्रत्येकीं सहा कळांची. तिची रुंदी दोघां मोठ्या माणसांचे खांदे शेजारीं ठेवून मोजली. दुसरी नातीच्या नकाशाबरहुकूम, चार दिशांच्या एकाच दांड्याची. दोहींच्या तारा एकाच जोडणींत येतात, म्हणून फळी बदलणें पांच मिनिटांचें काम होईल.

लांकूड १८ मिलीमीटर जाडीचें प्लायवुड आहे. तेवढ्या जाड फळीखालीं दांडा तसाच बसविला तर वर आंखूड राहतो, यास्तव खालून त्याच्यापुरता खळगा कोरावा लागतो. भोंक पाडतांना मागें टाकाऊ लांकडाचा तुकडा घट्ट आवळून धरावा, म्हणजे कपचे निघत नाहींत. खेळ बंद करण्याची कळ पेटीच्या कुशीला, हात सहज जाणार नाहीं अशी लावावी. शेजारीं ती मनगटाखालीं आली होती, आणि ऐन रंगांत खेळ मिटून भावंडांत जें महाभारत झालें तें भिंतीपलीकडून आम्हीं ऐकलें आहे. पहिल्या फळीचीं भोंकें गेल्या रविवारीं पाडून झालीं. दुसरीस कोणता रंग द्यावा, याचा निकाल नात अद्याप देत नाहीं.