आजींची नावे लिहून ठेवा

कर्जत-खालापूरच्या बौद्धवाड्यांत एखादी वृद्ध माता कालकथित झाली की पुण्यानुमोदनाच्या दिवशी सारी वस्ती जमते. त्रिशरण-पंचशील होते, भाषणे होतात आणि बहुतेक वक्ते तीच तीन विशेषणे वापरतात: प्रेमळ, कष्टाळू, धम्मनिष्ठ. विशेषणे खोटी नसतात. परंतु ती कोणत्याही आजीला लागू पडतात. ती कोणत्या गावची लेक, भातलावणीला तिला काय मजुरी मिळे, धम्मदीक्षेनंतर घरातले देव तिने स्वतः काढले की सासऱ्याने, यांतले काहीच त्या सभेत येत नाही. नव्वद वर्षांचे आयुष्य फलकावरील चार ओळींत संपते. ही आदरांजली मला अपुरी वाटते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याची अधिक खंत वाटते, कारण आपल्याच परिसरात याहून चांगली परंपरा होती. कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव कोरलेले आहे. बोरघाट चढून कार्ल्याला गेले की दान देणाऱ्या स्त्रियांची नावेही भेटतात. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचे दान तेथे तिच्या नावानिशी नोंदलेले आहे. ती राणी नव्हती. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई आणि पुळुमावीची आजी म्हणून ती तेथे उभी आहे. (सातवाहन राजे आईचे नाव लावीत म्हणून त्या काळी स्त्रीसत्ता होती, असे काही उत्साही वक्ते सांगतात, ते मात्र खरे नव्हे.) सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची भायिला आपल्याला नावाने ठाऊक आहे आणि स्वतःच्या पणजीचे नाव विचारले तर वर्गातील बहुतेक मुले खाली पाहतात. शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे बंधनकारक केले, ते योग्यच झाले. पण आजी त्या रकान्यात येत नाही.

अलीकडच्या काळातील उदाहरण शांताबाई कांबळे यांचे. सोलापूर जिल्ह्यातील महूद या गावी १९२३ मध्ये जन्मलेल्या शांताबाई २०२३ च्या जानेवारीत, शंभरीला अवघे काही दिवस उरले असताना, कालकथित झाल्या. दलित पँथरचे नेते प्रा. अरुण कांबळे यांच्या त्या आई. हा मुलगा २००९ मध्ये त्यांच्या आधी गेला. त्यांची ओळख कोणाची तरी आई म्हणून संपली नाही, कारण आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी करून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. १९८६ साली ती पुस्तकरूपाने आली आणि पुढे तिच्यावर 'नाजुका' ही दूरदर्शन मालिका झाली. त्या पुस्तकात भूक आहे, शाळा आहे आणि नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर माहेरी निघून आलेली बाईही आहे.

घरातली दुःखे चव्हाट्यावर कशाला, असा प्रश्न आपल्या समाजात हमखास विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा पुरुष असतात. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, ते याच प्रश्नाच्या धाकाने. आजी कोणाला सांगायचे नाही म्हणाली तर ते लिहू नये, एवढे पथ्य पुरे. तिच्या वतीने आपण गप्प बसण्याचे कारण नाही.

आणि आजी लिहू शकत नसेल तर? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी याचे उत्तर १९८९ मध्येच दिले. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना त्या प्रत्यक्ष भेटल्या, त्यांचे बोलणे टिपले आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. तो नसता तर त्यांतल्या कित्येकींचा उल्लेखही उरला नसता. आपल्या दोन तालुक्यांत असे काम झाले पाहिजे, आणि ते आताच. १९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहे. धम्मदीक्षा डोळ्यांनी पाहिलेली, त्या दिवसापूर्वीची आणि नंतरची वस्ती ओळखणारी ही शेवटची पिढी होय. सरकारी दप्तरात तिचे काही सापडणार नाही. तिच्या पिढीत सातबारावर बाईचे नाव क्वचितच चढे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे. वसतिगृहातील मुले दिवाळीच्या सुट्टीत घरी येतील तेव्हा त्यांच्या हाती एक दोनशे पानी वही द्या. आजीजवळ बसू द्या. ती जशी बोलते तसेच लिहू द्या. आपले शुद्धलेखन तिच्या तोंडी घालू नका. 'तुला कसे वाटले' असे विचारण्यापेक्षा 'त्या दिवशी चुलीवर काय होते' असे विचारले तर ती अधिक सांगते, हा माझा अनुभव आहे. वही भरली की तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात यावी. पहिल्या पानावर आजीचे नाव असावे, आणि लग्नात ते बदलले असेल तर माहेरचे आधी.