पायताणाचा आवाज

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी नाना येत असल्याची वर्दी आधी त्यांचे पायताण देई. कर्र, कर्र, कर्र, कर्र! दोन्ही पायांचा ठेका अगदी सारखा. तो कानी पडताच आई चहाचे आधण ठेवी. गेल्या माघात नानांना पक्षाघाताचा झटका आला आणि हा आवाज बंद पडला. आता एक 'टप्' ऐकू येते, आणि पाठोपाठ लांबलचक 'सर्रर्र'.

मेंदूच्या उजव्या अंगाचा रक्तपुरवठा तुटला म्हणून शरीराचे डावे अंग दुबळे झाले, एवढे आम्हांला डॉक्टरांनी समजावले होते. पण नानांची चाल काही आम्हांला उमगली नव्हती. ते उठले रे उठले, की सारे घर ओरडे, "नाना, पाय उचला!" त्यांत माझा आवाज सर्वांत मोठा, हे कबूल केलेच पाहिजे.

खरा प्रकार निराळा होता. पोटरी आखडते आणि चवडा खाली झुकतो. गुडघाही वेळेवर वाकत नाही. म्हणजे तो पाय जणू लांबच होतो म्हणा ना! मग लांब झालेला पाय अडखळू न देता पुढे न्यायचा कसा? माणूस त्या बाजूची कंबर वर घेतो आणि पाय बाहेरून, विळा फिरवावा तसा, फिरवून आणतो. आम्ही ज्याला आळस समजत होतो ती शरीराने काढलेली तोड होती. एवढे करूनही चवडा घासतो तो घासतोच. त्यातच डाव्यावर भरवसा नसल्याने उजवे पाऊल घाईने जमिनीवर येते. ठेका मोडतो तो असा.

व्यायाम शिकवायला बाई येऊ लागल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हांला सांगितले, "हे चालत असतील तेव्हा तुम्ही सगळ्यांनी गप्प बसायचं." कोल्हापुरातल्या घराला ही केवढी शिक्षा! पण त्यात अर्थ होता. जे पाऊल पूर्वी आपोआप पडे, ते आता मनाने टाकावे लागते. मध्येच कोणी बोलले की मन तिकडे जाते. स्वीडनमध्ये वृद्धनिवासातल्या ५८ जणांची एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. चालताना बोलणे निघाले की पावले थांबत, असे १२ जण त्यांत निघाले. पुढच्या सहा महिन्यांत त्यांतले १० जण पडले.

काठीही आम्ही चुकीच्या हातात दिली होती. ती चांगल्या हातात हवी. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुबळा आधी, हेही बाईंनीच शिकवले.

खरे भांडण झाले ते पायताणावरून. कोल्हापुरीला मागे पट्टा नाही. ती पायात राहते ती अंगठ्याच्या आणि चवड्याच्या जोरावर. नानांच्या डाव्या पायातून ती तिसऱ्या पावलालाच निसटे. अखेर मागून बंद, वर पट्ट्याचा बूट आला आणि त्यात पाऊल सावरणारी प्लॅस्टिकची पट्टी. जन्मभर चप्पल लाईनीत कातडे वाकवून, वास घेऊन खरेदी करणारा माणूस! दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बूट घालून फाटकापर्यंत गेले. आता रंकाळ्यावर जातात. पूर्वी पहाटे पुरी फेरी मारीत. आता चार बाकांपर्यंत जातात आणि किती बाके झाली ते आईला येऊन सांगतात. बुटाचा डावा चवडा पार झिजला आहे. जुन्या जोडाला मात्र ते अजून तेल द्यायला लावतात.

परवा वसुबारसेला आईने रांगोळी उंबऱ्यापासून हातभर बाजूला काढली. नानांनी ती पाहिली.

"ही तिकडं कशाला?"

आई म्हणाली, "तुमचा पाय लागतो म्हणून."

"नेहमीच्या जागी काढ," नाना म्हणाले. "फरफटली तर परत काढू."